सुरुवात कुठून झाली?

फिट आलेल्या माणसाला दवाखान्यात आणलं, की अनुभवी डॉक्टर त्याच्याआधी त्याच्यासोबत आलेल्यांशी बोलतात. ज्याला फिट आली त्याला त्यातलं फारसं काही आठवत नाही. पाहिलेलं असतं ते भावानं, सासूनं, शेजारच्या दुकानदारानं. त्यांना विचारलं जातं, "सुरुवात कुठून झाली?" उत्तर बहुतेक वेळा मधूनच सुरू होतं: "एकदम पडला, हातपाय झाडायला लागला, तोंडाला फेस आला." डॉक्टर पुन्हा मागं नेतात. पडायच्या आधी काय झालं? बोलता बोलता थांबला होता का? मान कुठल्या बाजूला वळली? आधी उजवा हात वाकडा झाला की डावा? ओठ उगाच चघळत होता का? आणि रुग्ण भानावर आला की त्याला: पोटातून काही वर सरकल्यासारखं वाटलं होतं का?

"ते नाही पाहिलं, डॉक्टरसाहेब. आम्ही कांदा आणायला धावलो."

लासलगावच्या जिल्ह्यात कांदा शोधायला वेळ लागत नाही. तो फोडून नाकाशी धरेपर्यंत दीड-दोन मिनिटं जातात, आणि बहुतेक फिट एक ते तीन मिनिटांत आपोआपच थांबतात. म्हणजे कांदा येतो आणि फिट ओसरते, दोन्ही एकाच सुमारास. कांद्याच्या बाजूनं असा भक्कम पुरावा घरोघर तयार होतो, आणि चपलेच्या आणि हातात दिलेल्या किल्ल्यांच्या बाजूनंही. खरं तर त्या वेळात करायचं ते इतकंच: माणसाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली काही मऊ ठेवायचं, तोंडात काही घालायचं नाही, घड्याळ बघायचं आणि पाच मिनिटांत थांबलं नाही तर गाडी काढायची. आणखी एक हात मोकळा असेल तर मोबाइलवर चित्रण करायचं. कुणाला ते निर्दयपणाचं वाटेल, पण त्या अर्ध्या मिनिटाच्या चित्रणातून पुष्कळदा महागड्या तपासणीपेक्षा जास्त कळतं.

कारण अपस्माराचं, म्हणजे फिट येत राहण्याच्या आजाराचं, दीडशे वर्षांचं संशोधन म्हणजे सुरुवातीचे ते काही क्षण पकडण्याची धडपड आहे. माणसाच्या मेंदूत तारा घालून ऐकणं, मग त्याच तारांतून वीज सोडणं, हे सगळं त्याच धडपडीतून आलं.

लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या इस्पितळात जॉन ह्यूलिंग्ज जॅक्सन हा डॉक्टर 1860 च्या दशकापासून फिट येणाऱ्यांकडे टक लावून बघत बसे. यंत्र नव्हतंच. काहींची फिट अंगठ्यापासून सुरू होते, मग मनगट, कोपर, खांदा, चेहरा असा तिचा प्रवास ठरलेला असतो, हे त्याच्या लक्षात आलं. याचा अर्थ मेंदूच्या पृष्ठभागावरही अंगठ्याची, मनगटाची, चेहऱ्याची जागा याच क्रमानं शेजारी शेजारी असली पाहिजे, असं त्यानं ताडलं. कवटी न उघडता, नुसत्या फिटच्या वाटेवरून त्यानं हा नकाशा आखला. 1870 मध्ये बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या मेंदूला विजेचा हलका स्पर्श करून पाय हलवून दाखवला आणि नकाशाला आधार मिळाला. 1886 मध्ये व्हिक्टर हॉर्सली या शल्यविशारदानं क्वीन स्क्वेअरमध्येच, जॅक्सनसमोर, एका रुग्णाची कवटी उघडली. कुठं उघडायची हे त्याला फिटनंच सांगितलं होतं.

पण ज्यांची फिट अंगठ्यासारख्या दिसणाऱ्या जागी सुरू होत नाही त्यांचं काय? त्यासाठी आत ऐकावं लागणार होतं.

ते माणसात पहिल्यांदा जमवलं जर्मनीतल्या येना गावच्या हान्स बर्गरनं. हा मनुष्य एका चमत्कारिक कारणानं या वाटेला लागला. लष्करात असताना तो घोड्यावरून पडला आणि तोफगाडीखाली येता येता वाचला. त्याच दिवशी दूर असलेल्या बहिणीला काहीतरी अशुभ घडल्याची जाणीव झाली आणि तिच्या आग्रहावरून वडिलांनी तार केली. मनाची मनाला खबर कशी लागली, या प्रश्नानं त्याला आयुष्यभर सोडलं नाही. त्याचं उत्तर त्याला मिळालं नाही. मिळालं ते वेगळंच. 1924 मध्ये, शस्त्रक्रियेमुळं कवटीचा भाग काढलेल्या एका मुलाच्या डोक्यावरून त्यानं मेंदूतल्या विजेची थरथर टिपली. छापायला पाच वर्षं घेतली, आणि 1929 मध्ये छापल्यावरही फारसं कुणी मनावर घेतलं नाही. केंब्रिजच्या एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी 1934 मध्ये तोच प्रयोग करून दाखवला तेव्हा कुठं जगाला पटलं.

आज नाशिकमध्ये कॉलेज रोडवरच्या एखाद्या छोट्या खोलीतही मेंदूतल्या विजेचा असा आलेख, म्हणजे ई.ई.जी., निघतो. केस धुऊन या, तेल लावू नका, रात्री कमी झोपा, अशा सूचना मिळतात. डोक्यावर चिकट मलम लावून वीसेक तारा बसवल्या जातात, तीन मिनिटं खोल श्वास घ्यायला लावतात, डोळ्यांसमोर दिवा लुकलुकवतात. दाराबाहेर बसलेल्या आईला मात्र एकच धास्ती असते, पोराच्या डोक्याला शॉक देणार का? देत नाहीत. यंत्र काहीही आत सोडत नाही, फक्त ऐकतं. आणि ऐकायचं तरी किती? टाळूवर पोचणारा दाब साधारण पन्नास मायक्रोव्होल्टचा. बॅटरीतल्या साध्या सेलच्या तीस हजाराव्या हिश्श्याएवढा.

इतकं क्षीण काही बाहेर पोचतं तरी कसं? कुंभमेळ्यात रामकुंडावरच्या गर्दीतलं एकेकाचं बोलणं गंगापूर रोडवर ऐकू येणार नाही, पण सगळ्यांनी एकाच क्षणी गोदामाईचा गजर केला तर येईल. मेंदूतल्या पेशींचंही तसंच आहे. लाखो पेशी एका लयीत आल्या तरच टाळूवरची तार हलते. निरोगी मेंदूत असं एकसुरीपण मर्यादेत असतं. फिटमध्ये एका भागातल्या पेशी प्रमाणाबाहेर एकसुरात येतात, शेजारच्यांना ओढतात, आणि कधी कधी सगळा मेंदू त्यात सापडतो.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. ई.ई.जी. नॉर्मल आला म्हणजे आजार नाही, असं नव्हे. त्या अर्ध्या तासात मेंदू गप्प असेल तर कागदावरही काही उमटत नाही. पहिल्याच ई.ई.जी.त दोष दिसतो तो जेमतेम निम्म्या रुग्णांत. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळ्या बंद करणारी घरं आहेत, आणि रिपोर्टमध्ये बारीकसं काही दिसलं म्हणून फिट नसलेल्या माणसाला वर्षानुवर्षं गोळ्या देणारे डॉक्टरही आहेत. दुसरा प्रकार मला जास्त खटकतो.

कवटी आवाज दाबते. म्हणून पुढची पायरी कवटीच्या आतली. कॅनडातल्या माँट्रिऑलमध्ये 1934 साली वाइल्डर पेनफिल्ड यांनी मेंदूविज्ञानाची संस्था उभारली. तिथं ते रुग्णाला जागं ठेवून, फक्त टाळू बधिर करून, मेंदू उघडत. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही. मग विजेच्या बारीक टोकानं एकेका जागी स्पर्श करायचा आणि विचारायचं, काय वाटतंय? कुणाचा हात हले, कुणाला मुंग्या येत, कुणाला जुनं गाणं ऐकू येई. प्रत्येक जागेवर क्रमांकाची चिठ्ठी ठेवली जाई. पेनफिल्डना खरं तर एकच जागा हवी असे: जिथं स्पर्श केल्यावर रुग्ण म्हणेल, "हेच! फिट येण्याआधी हेच वाटतं." हात, बोटं, ओठ यांना मेंदूत किती जागा असते याचं जे वेडंवाकडं बाहुलं आज प्रत्येक जीवशास्त्राच्या पुस्तकात असतं, ते या शोधाचं उप-उत्पादन आहे.

याच माँट्रिऑलमध्ये शिकून आलेल्या डॉ. जेकब चांडी यांनी 1949 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात देशातला पहिला मेंदू-शल्यविभाग सुरू केला आणि 1952 मध्ये तिथंच अपस्मारावरची भारतातली पहिली शस्त्रक्रिया केली. जोडीला ई.ई.जी. वाचणारे डॉ. बलदेव सिंग होते. तार वाचणारा आणि चाकू धरणारा यांची जोडी लागते, हे इथं पहिल्या दिवसापासून ठरून गेलं. मुंबईत डॉ. एडी भरुचांसारख्या मज्जाविकारतज्ज्ञांनी अपस्माराला वेगळा विषय म्हणून उभं केलं. 1970 मध्ये स्थापन झालेल्या इंडियन एपिलेप्सी असोसिएशनमागं त्यांचाच हात होता. नियमित, मोठ्या प्रमाणावर शस्त्रक्रिया होऊ लागल्या त्या मात्र 1995 नंतर, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. के. राधाकृष्णन यांनी बसवलेल्या घडीमुळं. आता मुंबईचं केईएम आणि पुण्यातली काही इस्पितळंही हे करतात.

शस्त्रक्रियेनं किती फरक पडतो? 2001 मध्ये कॅनडातल्या एका चाचणीत कानशिलामागच्या भागातून फिट येणाऱ्या 80 रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. वर्षानंतर शस्त्रक्रियेच्या गटातले 58 टक्के लोक भान हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते, नुसत्या गोळ्यांवरचे 8 टक्के. वैद्यकशास्त्रात इतकी तफावत क्वचित दिसते. तरीही रुग्ण शस्त्रक्रियेपर्यंत पोचतो तो वीस-वीस वर्षं फिट सोसून.

जिथं सुरुवात बाहेरून सापडत नाही, तिथं पॅरिसच्या तालैराक आणि बांको यांनी 1950 च्या दशकाच्या अखेरीला वेगळा मार्ग काढला. कवटीला बारीक छिद्रं पाडून सुईसारख्या तारा खोल आत सोडायच्या आणि रुग्णाला काही दिवस इस्पितळात ठेवून फिटची वाट पाहायची. हे वाट पाहण्याचे दिवस विज्ञानाला भलतेच लाभले. डोक्यात तारा आहेत, रुग्ण जागा आहे, कंटाळलेला आहे. मग संशोधक विचारतात, एक खेळ खेळता का? 2005 मध्ये अशाच रुग्णांना फोटो दाखवताना एक पेशी सापडली, जी जेनिफर ॲनिस्टन या नटीचे वेगवेगळे फोटो दिसताच चेकाळायची आणि इतरांकडे ढुंकूनही पाहायची नाही. आपल्याकडे हा प्रयोग झाला असता तर कुणाच्या फोटोला किती पेशी मिळाल्या असत्या, यावर वाद रंगला असता. स्मृती, भाषा, ओळख यांबद्दल जिवंत माणसाच्या आतून जे काही थेट कळलं आहे, त्यातला मोठा वाटा अशा रुग्णांचा आहे. लग्नाच्या बाजारात ज्यांनी आजार लपवायचा, त्यांनीच ज्ञानासाठी डोकं उघडून दिलं.

ऐकता आलं म्हणजे उत्तरही देता येईल, ही पुढची कल्पना. आधी आली मानेतली वाट. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली छोटं यंत्र बसवायचं आणि मानेतल्या व्हेगस या नसेला तार गुंडाळायची. ती दर पाच मिनिटांनी तीसेक सेकंद वीज देते. माणसात पहिल्यांदा हे 1988 मध्ये केलं गेलं, अमेरिकेत परवानगी मिळाली 1997 मध्ये. वीज सुरू असताना आवाज घोगरा होतो. सुरुवातीचं यंत्र आंधळं होतं. फिट येतेय की नाही हे त्याला कळत नसे, घड्याळाप्रमाणं ते आपलं काम करत राही. फिट पूर्ण थांबणारे रुग्ण थोडे; अनेकांच्या निम्म्यानं कमी होतात. मुंबईसारख्या शहरांत हे बसवलं जातं, खर्च लाखांत जातो.

मग आलं ऐकून उत्तर देणारं यंत्र. 2013 मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेलं हे उपकरण कवटीच्या हाडातच बसतं, त्याच्या तारा फिटच्या उगमापाशी असतात. तिथली लय बिघडताना दिसली की ते लगेच वीज सोडतं. जाहिरातीत हे फार छान दिसतं: फिट उठली, यंत्रानं चेपली. प्रत्यक्ष आकडे वेगळंच सांगतात. यंत्र दिवसातून शेकडो वेळा वीज सोडतं, बहुतेकदा फिटचा मागमूसही नसताना. आणि फिट कमी होण्याचं मधलं प्रमाण पहिल्या वर्षी 44 टक्के, नवव्या वर्षी 75 टक्के. विजेनं फक्त त्या त्या वेळची फिट विझली असती, तर फायदा पहिल्या वर्षीच पूर्ण दिसला असता. वर्षांमागून वर्षं तो वाढतो, म्हणजे मेंदूची जुनी वळणं हळूहळू बदलत असावीत. मला या यंत्राची खरी कमाई मात्र निराळीच वाटते. इस्पितळातल्या तारा काही दिवसांत काढाव्या लागत. हे यंत्र वर्षानुवर्षं आत राहून नोंद ठेवतं.

त्या नोंदींतून जे निघालं त्यानं "सुरुवात कुठून" या प्रश्नाची दिशाच बदलली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत मॅक्सिम बो, विक्रम राव आणि सहकाऱ्यांनी 37 रुग्णांच्या नोंदी तपासल्या, काहींच्या दहा वर्षांपर्यंतच्या. 2018 मध्ये त्यांनी दाखवलं की मेंदूतली फिटची धग रोज सारखी नसते. तिला अनेक दिवसांची भरती-ओहोटी असते, बहुतेकदा वीस ते तीस दिवसांची, आणि फिट येतात त्या भरती चढत असताना. पुरुषांतही आणि स्त्रियांतही. म्हणजे अंगठा वाकडा झाला तो क्षण ही सुरुवात नव्हेच. भरती कित्येक दिवस आधीपासून चढत असते.

आपल्याकडच्या आजीला यात नवल वाटणार नाही. अमावास्या-पौर्णिमेला फिट येते, हे तिला ठाऊकच आहे. डॉक्टर मंडळी इतकी वर्षं याला हसली. आता हसण्यात थोडी घाई झाली होती असं म्हणायला हरकत नाही, पण आजीचंही पूर्ण बरोबर नाही. प्रत्येकाचं चक्र आपापलं असतं. एकाचं सव्वीस दिवसांचं, दुसऱ्याचं वीस दिवसांचं. ते आकाशातल्या चंद्राला बांधलेलं असतं तर सगळे एकाच रात्री पडले असते. महिन्याची लय खरी, तिथी चुकलेली.

ही भरती आधी ओळखून सांगता येईल का? मेलबर्नमध्ये मार्क कुक यांच्या गटानं 15 जणांच्या मेंदूवर तारा बसवून 2013 मध्ये तसा प्रयत्न जाहीर केला. रुग्णाच्या हातातल्या छोट्या यंत्रावर रंगीत दिवे: लाल लागला तर धोका. काहींच्या बाबतीत अंदाज चांगला जमला, सगळ्यांच्या नाही. पण ओघात सापडलेली दुसरी गोष्ट जास्त बोलकी होती. रुग्णांनी स्वतः मोजलेल्या फिट आणि तारांनी मोजलेल्या फिट यांचा मेळच बसेना. काहींच्या कितीतरी फिट त्यांना कळल्याच नव्हत्या.

आता हे सगळं नाशिक जिल्ह्याच्या नकाशावर ठेवून पाहू. भारतातल्या पाहण्यांत हजारी साधारण पाच जणांना अपस्मार आढळतो. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या 61 लाख, म्हणजे तीस हजारांच्या घरात रुग्ण. त्यातल्या सुमारे दोन तृतीयांश लोकांच्या फिट साध्या गोळ्यांनी थांबू शकतात. 1912 पासून वापरात असलेली फिनोबार्बिटोन आजही चालते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं वर्षाचं औषध पाच डॉलरइतक्या कमी खर्चात होऊ शकतं. मेंदूतल्या तारा आणि यंत्रं लागतात ती उरलेल्यांतल्या काहींना.

आणि कारणांची सुरुवात? जन्मताना गुदमरलेलं बाळ, मेंदूज्वर, हेल्मेट न घालता मुंबई-आग्रा महामार्गावर पडलेला तरुण. यांखेरीज डुकराच्या मांसातल्या टेपवर्मची अंडी. शुद्ध शाकाहारी घरातल्या मुलाच्या स्कॅनमध्ये जंताची गाठ दिसली की आईबाप डॉक्टरांवर चिडतात. पण मांस खाणाऱ्याच्या आतड्यात जंत होतो. मेंदूत गाठी होतात त्या, तसा जंत असलेल्या कुणाच्या तरी विष्ठेतून मातीत, पाण्यात आणि भाजीवर आलेली अंडी पोटात गेल्यानं. नीट न धुतलेली कोथिंबीर तेवढ्याला पुरते. अशा फिटची सुरुवात शोधायची तर मेंदूतल्या तारेपेक्षा शौचालयाचा दरवाजा जवळ आहे.

1999 पर्यंत हिंदू विवाह कायद्यात अपस्मार ही लग्नाला आडकाठी होती. त्या वर्षीच्या दुरुस्तीनं तो शब्द काढला. घरांनी काढला नाही. पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या संवेदना फाउंडेशननं अपस्मार असणाऱ्यांसाठी आधारगट चालवला, वधू-वर मेळावे घेतले, ते यामुळंच. मुंबईच्या डॉ. निर्मल सूर्या यांच्या एपिलेप्सी फाउंडेशननं राज्य सरकारच्या आरोग्य यंत्रणेसोबत जिल्ह्या-जिल्ह्यांत शिबिरं नेली. शिबिरात तज्ज्ञ येतो, निदान होतं, गोळ्या मिळतात. अडचण पुढच्या महिन्याची असते. सुरगाणा-पेठची कुटुंबं हंगामात दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला उतरतात. गोळ्यांची पुडी संपते ती बागेत, आणि दवाखान्याचं कार्ड घरी.

म्हणून फिट आलेल्या प्रत्येक घरात एक नोंद असावी. तारा नसलेल्यांसाठी भिंतीवरचं कालनिर्णय त्या कामाला चालतं. फिट आली त्या तारखेला फुली, गोळी चुकली त्या तारखेला गोल. सगळ्या फिट त्यात येणार नाहीत, हे मेलबर्ननं दाखवलंच आहे. झोपेतल्या आणि क्षणभर हरवल्यासारख्या होणाऱ्या निसटतातच. तरी तीन-चार महिन्यांची पानं डॉक्टरांसमोर उलटली की फुल्यांचा क्रम दिसायला लागतो. अमावास्या-पौर्णिमा तिथंच छापलेल्या असतात, त्यामुळं आजीचा दावाही तिथल्या तिथं तपासता येतो. फुल्या दर सव्वीस दिवसांनी पडत असतील तर ते त्या मेंदूचं स्वतःचं चक्र असू शकतं आणि डॉक्टर त्या दिवसांपुरतं औषध वाढवण्याचा विचार करू शकतात. पण फुल्या दर महिन्याच्या अखेरीला, दोन-तीन गोलांच्या पाठोपाठ पडत असतील, तर चंद्र आणि मेंदू दोघेही निर्दोष आहेत. तीस गोळ्यांची पुडी संपते आणि पुढची आणायला एस.टी.च्या भाड्याची सोय व्हायला चार दिवस लागतात. अशा रुग्णाला दुसरं औषध देण्याऐवजी साठ गोळ्या द्याव्यात.